वय वर्षं २४, जोखीम शून्य?

मागच्या शनिवारीच हे लिहायला घेतलं होतं, पण दोन परिच्छेद झाल्यावर हात अडला. कारण या गोष्टीत ज्यांचं चुकलं त्यांच्या यादीत मीही आहे. दुसऱ्यांच्या चुकांवर मी दर आठवड्याला पानं भरतो, स्वतःची लिहायची म्हटली की अचानक घरातले पंखे पुसावेसे वाटतात. असो. आज पंखे स्वच्छ आहेत, त्यामुळे लिहितोच.

माझा धाकटा मामेभाऊ वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात राहतो. तीन वर्षांपूर्वी ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत त्याची बाईक घसरली. वय २४. पोलीस भरतीची तयारी चाललेली, म्हणजे रोज पहाटे उठून सोळाशे मीटर धावणं, गोळाफेक, दंडबैठका. आमच्या सगळ्या खानदानात त्याच्याएवढा फिट माणूस नाही. (मी दोन जिने चढलो की लिफ्ट कुठे दिसते का बघतो.) उजव्या मांडीचं हाड मोडलं. एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, रॉड टाकला, सहाव्या दिवशी सुट्टी मिळाली. हातात डिस्चार्ज कार्ड. त्यावर चार गोळ्या, टाके काढायची तारीख, आणि खाली इंग्रजीत 'कम्प्लीट बेड रेस्ट'.

आमच्या मामीने ही बेड रेस्ट व्रतासारखी पाळली. पोराला खाटेवरून पाय खाली ठेवू दिला नाही. जेवण खाटेवर, मोबाईल खाटेवर, भेटायला येणारे सगळे खाटेभोवती.

अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्याने पाय दाखवला. पोटरी चांगलीच सुजलेली, दुसऱ्या पायाच्या दीडपट दिसत होती. मागून मामी म्हणाली, "रॉड टाकला हाय न बाबू, सुजनच थोडं. जवसाचं तेल कोमट करून चोळून देतो मी." आणि पुण्यात एसीत बसलेला, गूगलशिवाय पान न हलणारा मी काय म्हणालो? "हो मामी, होतंच असं. तरुण आहे तो, लवकर भरून येईल."

हे वाक्य माझं. यातला 'तरुण आहे तो' हा तुकडा गेली तीन वर्षं माझ्या डोक्यात फिरतोय.

तीन दिवसांनी वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाताना त्याला धाप लागली. सोळाशे मीटर धावणाऱ्या पोराला दहा पावलांत धाप! डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत एका बाजूला टोचायला लागलं. घरात निदान तयार होतंच : अशक्तपणा, किंवा गॅस. त्याचा एक मित्र नेमका तेव्हा आला होता. तो कुठला डॉक्टर-बिक्टर नाही, कृषी केंद्र चालवतो. पण त्याने ओठांचा रंग पाहिला आणि म्हणाला, "गॅस-बिस नाई बे हा, चल सेवाग्रामले."

सेवाग्राम म्हणजे बाहेरच्यांना बापूकुटी आठवते, पण आमच्या भागात 'सेवाग्रामला नेलं' याचा अर्थ कस्तुरबा रुग्णालयात नेलं असाच होतो. गांधीशताब्दीच्या वर्षात, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे मेडिकल कॉलेज सुरू केलं. आजूबाजूच्या जिल्ह्यांतली माणसं आजही गाठोडं बांधून तिथे येतात. तिथे कॅज्युअल्टीतल्या एका निवासी डॉक्टरने (माझ्या भावापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा असेल) पायाकडे पाहिलं, नाडी मोजली आणि सरळ सीटी स्कॅनला पाठवलं. दोन्ही फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या. पायात तयार झालेली गुठळी सुटून, हृदयातून वाहत, फुफ्फुसात जाऊन अडकली होती. आयसीयू, हेपॅरिन, चार दिवस कुणालाच झोप नाही. पोरगा वाचला.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्यानंतरची. त्याच डॉक्टरने मामीला विचारलं, "घरात कुणाला अशी गुठळी झाली होती का? पाय सुजला, रक्त पातळ करायच्या गोळ्या खाव्या लागल्या, असं काही?" मामी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, तिच्या धाकट्या बहिणीचा बाळंतपणानंतर पाय सुजला होता, आणि सहा महिने तिला 'रक्त पातळ करायच्या' गोळ्या होत्या. डॉक्टर म्हणाला, "हे पहिल्या दवाखान्यात नाही सांगितलं?" मामी म्हणाली, "कोनं इचारलंच नाई न."

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. मला जेवढं समजलं तेवढंच सांगतो.

रक्त शिरेतल्या शिरेत का गोठतं याची तीन कारणं सांगतात, आणि रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन डॉक्टरच्या नावाने ती ओळखली जातात. त्याने १८५६ साली या विषयावर मूलभूत काम केलं होतं. प्रवाह मंदावणं, रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला इजा होणं, आणि रक्ताची गोठायची प्रवृत्ती वाढणं. पाटाचं पाणी तुंबलं की गाळ बसतो हे आमच्याकडे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पायातलं रक्त वर चढवायचा पंप म्हणजे पोटरीचे स्नायू. आपण चालतो तेव्हा ते पिळले जातात आणि रक्त वर ढकललं जातं. माणूस खाटेवर पडून राहिला की पंप बंद. हाड मोडलं, ऑपरेशन झालं की रक्तवाहिन्यांना इजा होते. आणि जखम झाली की शरीर आपणहून रक्ताची गोठायची ताकद वाढवतं, नाहीतर साध्या जखमेने आपण रिकामे झालो असतो. म्हणजे मांडीच्या ऑपरेशननंतर खाटेवर पडलेल्या माणसात तिन्ही कारणं हजर. यात वय कुठे आलं?

येतं, नाही असं नाही. वयाबरोबर धोका वाढतो हे खरंच आहे. सर्जन लोक कॅप्रिनी नावाच्या एका अमेरिकन सर्जनची गुणांची यादी वापरतात. वय ४१ ते ६० असेल तर १ गुण, ६१ ते ७४ ला २, पंच्याहत्तरी गाठली की ३. चाळिशीपर्यंत शून्य. आता त्याच यादीतल्या बाकीच्या ओळी बघा. पाऊण तासाहून मोठं ऑपरेशन : २. तीन दिवसांहून जास्त अंथरुणाला खिळलेला : २. पायाला प्लास्टर : २. गर्भनिरोधक गोळ्या : १. गरोदरपण किंवा नुकतंच बाळंतपण : १. घरात कुणाला गुठळी झालेली : ३. खुबा, कंबर किंवा पायाचं हाड मोडलेलं : ५. आणि एकूण ५ झाले की माणूस वरच्या गटात जातो.

म्हणजे माझा भाऊ वयाच्या रकान्यात शून्य घेऊन, एकट्या मोडलेल्या हाडावर वरच्या गटात पोचला होता. मावशीचे ३ गुण तर त्यावर. पण 'तरुण आहे' म्हटलं की बेरीज पहिल्या रकान्यातच थांबते. तिथल्या डॉक्टरांची थांबली, मामीची थांबली, माझीही थांबली.

दिल्लीतली एक केस आहे, एम्सच्या न्यायवैद्यक विभागातल्या डॉक्टरांनी ती २०१७ मध्ये प्रसिद्ध केली होती. २३ वर्षांचा मुलगा. खेळताना घोटा दुखावला, प्लास्टर घातलं. प्लास्टर निघाल्यावरही पाय दुखत होता, म्हणून आईने तेल लावून चोळून दिलं. गुठळी सुटली आणि मुलगा गेला. मी ही बातमी मामीला कधी सांगितलेली नाही, सांगणारही नाही. भावाची गुठळी मालिशमुळेच सुटली असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, ती आपोआपही सुटते. पण एकच पाय सुजलेला असताना तो चोळायचा नाही, दाखवायचा, एवढं एक वाक्य त्या डिस्चार्ज कार्डावर असतं तर?

'तरुण आणि फिट' या दोन शब्दांची ज्यांना खात्री वाटते त्यांनी सेरेना विल्यम्स आठवावी. २०११ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, पायाच्या ऑपरेशनांनंतर काही महिन्यांनी तिच्या फुफ्फुसात गुठळ्या सापडल्या. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये सिझेरियन झालं आणि दुसऱ्याच दिवशी धाप लागायला लागली. तिने स्वतः नर्सला सांगितलं, सीटी स्कॅन करा आणि हेपॅरिन द्या. नर्सला वाटलं, वेदनाशामक औषधांनी बाई बरळतेय. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही नाही. मग सीटी केला तर फुफ्फुसात गुठळ्या! जगातली सगळ्यात प्रसिद्ध टेनिसपटू, आणि तिलाही आपलं म्हणणं लावून धरावं लागलं. आमच्या मामीला कोण विचारतो?

हा विषय वाचताना एक गोष्ट मला फार लागली. ऑपरेशनच्या आधी-नंतर हेपॅरिनचे छोटे डोस दिले तर गुठळीने होणारे मृत्यू टळतात, हे दाखवणारा गाजलेला अभ्यास १९७५ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याच्यामागे होते विजय कक्कर, लंडनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे सर्जन. ४,१२१ रुग्ण. हेपॅरिन न दिलेल्या गटात १६ जण फुफ्फुसातल्या गुठळीने गेले, दिलेल्या गटात २. आपल्या माणसाचं एवढं मोठं काम, छान वाटलं. मग बारकाईने पाहिलं तर सगळे रुग्ण चाळिशीच्या पुढचे! त्यात चूक काहीच नाही, जिथे धोका जास्त तिथेच आधी शोधणार. ब्रिटनमधल्या बायकांवरचा २००९ चा मोठा अभ्यास घ्या. त्यात दिसलं की भरती होऊन केलेल्या ऑपरेशननंतर पहिल्या सहा आठवड्यांत, ऑपरेशन न झालेल्यांच्या मानाने, गुठळीने दवाखान्यात जायची शक्यता ७० पट असते, आणि धोक्याचं टोक तिसऱ्या आठवड्यात येतं. तिसरा आठवडा, म्हणजे बरोब्बर आमचा व्हिडिओ कॉल. पण त्याही बायका मध्यमवयीनच. तरुणांचा हिशोब मुळातच कमी मांडला गेलाय, आणि कमी मांडला म्हणून आपण तो शून्य धरतो.

आता इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने विम्याच्या अर्जाची एक सिस्टीम केली होती. 'कुटुंबात मधुमेह आहे का' हा रकाना भरला नाही तर डेटाबेसमध्ये काय जायला हवं? 'माहीत नाही'. आमच्या कोडमध्ये जात होतं 'नाही'. कुणीतरी डीफॉल्ट व्हॅल्यू तशी ठेवली होती. (कुणीतरी म्हणजे मीच.) वर्षभर सगळं सुरळीत चाललं, कारण असा बग ओरडत नाही. रिपोर्ट हिरवागार, सगळे अर्जदार ठणठणीत घराण्यांतले! सॉफ्टवेअरवाल्यांना नल आणि झीरो यांतला फरक पहिल्या वर्षी शिकवतात. एक म्हणजे 'विचारलं, उत्तर शून्य आलं', दुसरं म्हणजे 'विचारलंच नाही'. माझ्या भावाच्या केसपेपरवर 'फॅमिली हिस्ट्री' पुढे काय लिहिलं होतं माहितेय? 'नथिंग सिग्निफिकंट'. मामीला कुणी विचारलं नव्हतं. नलच्या जागी झीरो.

हे त्या एका दवाखान्याचं नाही, म्हणून त्याचं नावही लिहीत नाही. २००६-०७ मध्ये जगभरच्या ३२ देशांत मिळून एक पाहणी झाली, त्यात भारतातली १० रुग्णालयं होती. आपल्याकडे ऑपरेशनच्या वॉर्डातले ६१ टक्के रुग्ण गुठळीच्या धोक्यात मोडत होते, आणि त्यांच्यातल्या फक्त १६ टक्क्यांना शिफारशीप्रमाणे प्रतिबंधक उपाय मिळत होते. जगाची सरासरी होती ५८ टक्के. आकडे जुने आहेत, तेव्हापासून मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत पुष्कळ बदललंय. पण 'आपल्या लोकांना गुठळ्या होत नाहीत, तो गोऱ्यांचा आजार' हे वाक्य मी गेल्या तीन वर्षांत दोन डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय. अहो, भारतातल्या न्यूरॉलॉजिस्टांनी बाळंतिणींच्या मेंदूतल्या शिरांत होणाऱ्या गुठळ्यांबद्दल कित्येक दशकं लिहून ठेवलंय! विशी-पंचविशीतल्या मुली. डोकं असह्य दुखतंय, आणि घरचे म्हणतायत वारं लागलं, कान बांध. काही घरांत तर बाळंतिणीला पाणीही मोजून देतात.

माझा एक शाळकरी मित्र हाडांचा डॉक्टर आहे, नागपूरला. त्याला हे सगळं फोनवर ऐकवलं तर तो वैतागला. म्हणाला, "तू म्हणतो म्हणून काय प्रत्येक पोराले इंजेक्शन टोचू का? जखमेतून रक्त वाहत राहिलं, आत रक्त साकळलं, तर तूच येशील भांडायला." त्याचं बरोबर आहे. रक्त पातळ करणारी औषधं म्हणजे चणे-फुटाणे नव्हेत. साध्या छोट्या ऑपरेशननंतर धडधाकट तरुण माणसाला लवकर उठवून चालवणं एवढंच पुरतं, असंच मार्गदर्शक नियमही सांगतात. मी इंजेक्शन मागतच नाहीये. मी प्रश्न मागतोय. प्रश्नाने रक्तस्राव होत नाही, आणि प्रश्नाला मेडिकल स्टोअरमध्ये बिल लागत नाही. पाच-सात प्रश्न, दोन मिनिटं. यावर तो म्हणाला, "ओपीडीत दोनशे पेशंट असतात बे, दोन मिनिटं कुठून आणू?" यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ऑपरेशनला भरती होणारे दोनशे नसतात ना?

इंग्लंडने २०१० मध्ये हेच केलं. भरती होणाऱ्या निदान ९० टक्के प्रौढ रुग्णांची गुठळीच्या धोक्याची तपासणी कागदावर झालीच पाहिजे असं लक्ष्य ठेवलं आणि रुग्णालयांचे थोडे पैसे त्याला बांधले. त्याआधी, २००५ मध्ये, त्यांच्या संसदेच्या समितीपुढे रुग्णालयातल्या गुठळ्यांनी वर्षाला २५,००० माणसं जात असल्याचा अंदाज आला होता, म्हणून हा खटाटोप. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे फॉर्म सगळ्यांसाठी एकच. वय बघून फॉर्म द्यायचा की नाही ते ठरत नाही, वय ही फॉर्ममधली एक ओळ आहे.

आणि बेड रेस्ट! १९२४ च्या जानेवारीत येरवड्याचे कैदी असलेल्या गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन पुण्याच्या ससूनमध्ये झालं. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात कर्नल मॅडॉकनी ते पुरं केलं. त्या काळी ऑपरेशननंतर आठवडेच्या आठवडे अंथरुणात काढायची पद्धत जगभर होती. पेशंटला लवकर उठवायचं हे सर्जनांनी मनावर घेतलं ते १९४० च्या दशकात. त्याला ऐंशी वर्षं होऊन गेली. डिस्चार्ज कार्डावर मात्र 'कम्प्लीट बेड रेस्ट' अजून छापील येतं. मोडलेल्या पायावर भार टाकू नको याचा अर्थ पोटरी, घोटा, दुसरा पाय काहीच हलवू नको असा होत नाही. पण हे मराठीत कुणी सांगायचं?

म्हणून तुमच्यापैकी ज्यांच्या घरात लवकरच कुणाचं ऑपरेशन आहे, लिगामेंट असो, सिझेरियन असो, की ऑफिसच्या क्रिकेटमध्ये मोडलेला पाय, त्यांना माझी विनंती. (आपल्या वयाच्या लोकांना हे सगळं होतंय, इनबॉक्स बघा.) डॉक्टरांना वाद घालायच्या सुरात नाही, साधंच विचारा : याला गुठळीचा धोका किती, त्यासाठी काय करणार, कधी उठवणार, घरी गेल्यावर काय दिसलं तर परत यायचं. आणि ते विचारोत न विचारोत, गर्भनिरोधक गोळ्यांचं आणि घरातल्या जुन्या गुठळ्यांचं सांगा. गोळ्यांचं सांगताना सासूबाई शेजारी उभ्या असतील तर त्यांना चहा आणायला पाठवा. एकच पाय सुजला, पोटरी दुखली, अचानक धाप लागली, छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त पडलं, तर तिसरा आठवडा असो की दहावा, त्याच दिवशी निघा. व्हिडिओ कॉलवर पुण्यातल्या दादाला विचारत बसू नका.

भाऊ आता बरा आहे. पुढचे काही महिने गोळ्या, दर काही दिवसांनी रक्ततपासणी. पोलीस भरतीच्या वयाची एक संधी त्यात गेली. पाय अजून संध्याकाळी जड होतो म्हणतो. धावतो, पण सोळाशे मीटरची वेळ आता मला सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.

या वर्षी त्याच्या बहिणीचं बाळंतपण होतं. सिझर ठरलं. मी इथून पाठवायला प्रश्नांची मोठी यादी केली होती, बुलेट-बिलेट टाकून. त्याची गरज पडली नाही. मामी तिच्याबरोबर तपासणीला गेली होती. डॉक्टरीणबाईंनी फाईल उघडायच्या आत मामीने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "थांबा मॅडम, पयले माह्या बहिनीचं अन् माह्या पोराचं ऐकून घ्या."